पाणी चढलं की मगरीने जायचं कुठे? विश्वामित्रीच्या काठाचा एक प्रकरण अभ्यास

पावसाळ्यात बडोद्यात ओळखीचा माणूस भेटला की तब्येत विचारायच्या आधी विचारतो, "काळाघोड्याला किती?" काळाघोड्याच्या पुलाशी विश्वामित्री किती फुटांवर आहे, एवढंच त्याला हवं असतं. पंचवीस-सव्वीस फुटांना धोक्याची पातळी धरतात. ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात तो आकडा 35 च्या वर गेला. समा, फत्तेगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा इथे तळमजले बुडाले, गाड्या तरंगल्या, आणि पाण्याबरोबर मगरी सोसायट्यांत शिरल्या. 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी वस्तीतून 24 मगरी पकडल्या. सगळ्यांत लहान दोन फुटांची, सगळ्यांत मोठी चौदा फुटांची. अकरा फुटांची एक तर थेट महाराजा सयाजीराव विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागाजवळच्या मोकळ्या जागेत सापडली. या योगायोगावर बडोदेकरांनी विनोद करून घेतले. ते ठीकच आहे, पण ती मगर तिथेच का आली, हा प्रश्न गंभीर आहे. विद्यापीठाच्या आवारातून भूखी काँस वाहते. काँस म्हणजे नदीला मिळणारा ओढा, नदीचा हातच. पाणी ज्या वाटेने चढलं, त्याच वाटेने मगर चढली.

या अभ्यासाचा प्रश्न असा: पुराच्या धास्तीने नदीचा काठ बदलायला निघालेल्या शहराने, त्याच काठावर जगणाऱ्या मगरींसाठी पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची जमीन कशी राखून ठेवावी? माझं म्हणणं थोडक्यात असं की, नदीच्या नकाशावर आडवी रेघ मारून "इथवर नदी, पुढे शहर" ठरवणं आता पुरणार नाही. आखणी उंचीनुसार व्हायला हवी.

नदी आणि तिचा पट्टा

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, बडोद्याच्या मधून वळणं घेत जाते, पुढे पिंगलवाड्यापाशी ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं. शहराच्या वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं हे सरोवर आणि त्याचे 62 दरवाजे आजही पावसाळ्यात बातमीचा विषय असतात. शहरात रूपारेल, मसिया, भूखी अशा काँसा नदीला मिळतात. मूळची ही हंगामी नदी. उन्हाळ्यात तिच्यात जे वाहतं त्यात शहराचं सांडपाणीच जास्त. ऐकायला बरं वाटत नाही, पण बारमाही पाण्यामुळे मगरींची उन्हाळ्यात सोय होते, हेही खरं.

फेब्रुवारी 2025 मध्ये शहराच्या पट्ट्यात मगरींची मोजणी झाली. आकडा आला 442. एवढ्या मोठ्या शहराच्या ऐन मध्यात एवढ्या मगरी असणं जगातही विरळाच. ही आपली गोड्या पाण्यातली मगर, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीतली. म्हणजे कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. फरक असा की वाघाला अभयारण्य मिळतं, मगरीला मिळाला तो दोन सोसायट्यांमधला मातीचा उतार. कायदा प्राण्याला आहे, उताराला नाही. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

मगरीला जमीन कशाला लागते

मगर पाण्यातली, तेव्हा पाणी राखलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नदी खोल केली तर मगरीला उलट जास्त जागा होईल, असा युक्तिवाद मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. मगरीचं वर्ष डोळ्यांसमोर आणलं तर तो टिकत नाही.

थंडीत तिला ऊन खायला उघडा, कोरडा, उतरता काठ लागतो. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पाण्यापासून थोडं वर, थोडं दूर, मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती ओढून घेते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं बाहेर येतात. उन्हाळ्याच्या कडक दुपारी मोठ्या मगरी काठात खणलेल्या बिळांत शिरतात. ही बिळं काही मीटर आत जातात आणि बाहेर पारा चव्वेचाळीसवर असला तरी आत गारवा राहतो. पावसाळ्यात प्रवाह जोराचा झाला की त्यांना कडेची शांत, उथळ, झाडोऱ्याची जागा हवी असते. थोडक्यात, वर्षातले कितीतरी महिने मगरीचा जीव काठाच्या मातीवर अवलंबून असतो. दगडी पिचिंग, म्हणजे काठावर बसवलेला दगडांचा थर, किंवा आरसीसीची भिंत आली की अंडीही नाहीत आणि बिळंही नाहीत. पाणी मात्र भरपूर.

आता हवामानबदल यात कुठे बसतो ते पाहू. मगरीच्या पिल्लाचं लिंग जनुकांनी ठरत नाही, अंड्याभोवतीच्या मातीच्या तापमानाने ठरतं. मद्रास क्रोकोडाइल बँकेत झालेल्या अभ्यासांतून हे नीट माहीत आहे: 28 ते 31 अंशांत माद्याच निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. दोन-तीन अंशांचा हा खेळ आहे. माती सरसकट तापत गेली तर पिल्लांतलं नर-मादी प्रमाण बिघडू शकतं, आणि फार तापली तर गर्भच दगावतात. मादीकडे यावर उपाय आहे तो जागा निवडण्याचा. झाडाच्या सावलीतला उतार की उघडा, उत्तरेकडे तोंड असलेला की दक्षिणेकडे, पाण्याजवळचा ओलसर की वरचा कोरडा, यातून ती निवड करू शकते. पण निवडायला उतार उरले पाहिजेत. सगळा काठ एकाच मापाने, एकाच कोनात, एकाच साहित्याने तासला की तिच्यापुढे एकच पर्याय राहतो, आणि तो पर्याय तापला की सगळीच अंडी तापतात.

दुसरी बाजू पावसाची. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस पडला. वर्षभराच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास, एका दिवसात. अरबी समुद्र तापतो आहे, हवेत बाष्प जास्त मावतं आहे, आणि पश्चिम भारतात थोड्या तासांत खूप पडणारा पाऊस वाढतो आहे. मगरीच्या दृष्टीने याचा अर्थ दुहेरी आहे. लवकर आलेल्या जोरदार पावसात खालच्या अंगाची घरटी बुडतात. आणि पूर चढला की मगरीलाही चढावं लागतं, कारण तीही सततच्या जोराच्या प्रवाहात तग धरत नाही. 2024 ला मगरी "घरात घुसल्या" असं सगळीकडे छापून आलं. त्या घुसल्या नव्हत्या. त्या पंचवीस फुटांवरून पस्तीस फुटांवर गेल्या होत्या, आणि त्या दहा फुटांत आता पार्किंग आहे.

कोतरं

विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंना घळी आहेत. इथे मराठी घरांतही त्यांना कोतरंच म्हणतात. गाळाच्या मऊ मातीत पावसाच्या पाण्याने शतकानुशतकं कापून केलेल्या या वाकड्यातिकड्या फांद्या आहेत. गांडो बावळ (वेडी बाभूळ) आणि कचरा यांनी भरलेलं कोतर दिसायला ओंगळ असतं, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला कोणी उभं राहत नाही. कागदावरही ते बहुधा पडीक. आणि पडीक जमीन म्हटली की पाडलेल्या बांधकामाचा मलबा टाकायला परवानगी कोण विचारतो? एका उन्हाळ्यात भराव, दुसऱ्यात सपाटीकरण, तिसऱ्यात कुंपण.

पण या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची जमीन हीच. पुराचं पाणी कोतरात शिरतं तेव्हा मुख्य प्रवाहातून बाजूला होतं, थांबतं, मुरतं. म्हणजे कोतर शहराला पुरापासून थोडं वाचवतं आणि मगरीला शांत पाणी देतं. शिवाय एकाच कोतरात तळापासून माथ्यापर्यंत वीस-पंचवीस फुटांचा फरक, ऊन-सावली, ओली-कोरडी माती असं सगळं सापडतं. वर सांगितलेली निवड मगरीला इथे मिळते. उभ्या मातीच्या दरडींत वेडे राघू आणि धीवर बिळं करून घरटी घालतात. घोरपडी, मुंगसं, मऊ पाठीची कासवं असतात. पुराचं पाणी साठवायला वेगळा तलाव खोदायचा तर कोट्यवधी लागतील, आणि इथे तयार खड्डे पैसे खर्चून बुजवले जातात. मला हे हिशेबालाही पटत नाही, निसर्गप्रेम बाजूला ठेवलं तरी.

हे न्यायालयीन पातळीवरही मान्य झालेलं आहे. नदीकाठाच्या सुशोभीकरणाच्या प्रकल्पाविरुद्ध 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज गेला आणि 25 मे 2021 ला त्याचा निकाल लागला. नदीक्षेत्राची आखणी करून ते अतिक्रमणापासून राखावं, असा त्याचा रोख होता. 2024 च्या पुरानंतर मात्र भर आला तो खोलीकरणावर आणि काठांच्या फेरआखणीवर, आणि 2025 च्या पावसाळ्याआधी ते काम झालं. पुराने घर बुडालेल्या माणसाला हे काम नको म्हणून सांगणं शक्य नाही, सांगूही नये. अडचण वेळेची होती: मार्च ते जून हाच यंत्रं चालवायचा काळ आणि हाच अंड्यांचा.

उंचीनुसार आखणी

समजा, उत्तरेला देणा ते दक्षिणेला वडसर एवढा पट्टा घेतला. त्याचा एक-एक फुटाचा कॉन्टूर नकाशा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, करायचा. काळाघोड्याचे 26 फूट म्हणजे वडसरचे 26 फूट नव्हेत. नदीला उतार असतो, त्यामुळे प्रत्येक पुलापाशी पातळी वेगळी मांडावी लागते. 2024 च्या पाण्याने भिंतींवर सोडलेल्या गाळाच्या रेषा यासाठी फुकटचं मोजमाप आहेत. रंगरंगोटीत त्या पुसल्या जाण्याआधी नोंदवायला हव्यात, बऱ्याच ठिकाणी आत्ताच गेल्या आहेत.

नकाशा झाला की सगळ्यांत खालची पट्टी, पाण्याच्या काठापासून साधारण दरवर्षी चढणाऱ्या पातळीपर्यंतची. इथे बांधकाम नाही, पिचिंग नाही. जिथे पूल किंवा वस्ती धोक्यात आहे तिथे काठ पक्का करावा, पण सलग नको. मध्ये मध्ये मातीचे उतार सोडावेत आणि ते कुठे सोडायचे हे घरट्यांच्या नोंदीवरून ठरवावं. मगरीची मादी अनेकदा त्याच परिसरात पुन्हा अंडी घालते, त्यामुळे दोन-तीन हंगामांच्या नोंदी पुरेशा बोलक्या होतात. यंत्रांचं काम घरट्यांच्या टापूत नोव्हेंबर ते जानेवारीत आटपावं. पाणी तेव्हाही उतरलेलंच असतं.

त्यावरची पट्टी कोतरांची. यांची मोजणी "साठवणक्षमता" म्हणून करावी: किती घनमीटर पाणी मावतं ते प्रत्येक कोतराच्या नावापुढे लिहावं. एकदा आकडा लिहिला की भराव टाकणाऱ्याला तो आकडा भरून द्यायला सांगता येतं. पडीक म्हणून लिहिलेल्या जमिनीच्या बाजूने कागदावर काहीच नसतं, हा तिचा खरा दुबळेपणा आहे.

सगळ्यांत अवघड पट्टी तिसरी, धोक्याच्या पातळीपासून 2024 च्या रेषेपर्यंतची. इथे माणसं राहतात, सातबारा खासगी आहेत, भाव चढे आहेत. जुन्या शहरात आता फार काही करता येणार नाही. पण शहर जिकडे वाढतं आहे तिकडे अजून टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग (नगररचना) योजना, पडायच्या आहेत, आणि गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यातलं टीपी स्कीम हे हत्यार या कामाला चपखल आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो: टीपीत शेतकऱ्याची जमीन संपादित करत नाहीत. सगळ्यांचे मूळ प्लॉट एकत्र करून, प्रत्येकाकडून ठराविक वाटा कापून, उरलेला नीट आकाराचा अंतिम प्लॉट परत देतात. कापलेल्या जमिनीतून रस्ते साधारण 15 टक्के, बागा-मैदानं-मोकळी जागा 5 टक्के, सामाजिक सोयी 5 टक्के, विक्रीसाठी 15 टक्के, गरिबांच्या घरांसाठी 10 टक्के असा हिशेब कायद्यात आहे.

यातले ते 5 टक्के बघा. सहसा ते वाटेल तिथे, रस्त्याच्या कोपऱ्यावर, उरल्यासुरल्या त्रिकोणात टाकलेले असतात. नदीला लागून असलेल्या टीपीत हे सगळे तुकडे उचलून नदीकडच्या बाजूला एकत्र ठेवले, त्यांना शाळेचं मैदान जोडलं, तर कोणाचीही एक फूट जास्त जमीन न कापता सलग पट्टा तयार होतो. मैदान पुरात बुडलं तर चार दिवसांनी वाळतं. मगर तिथे चढली तर पाणी उतरताना परत जाते. शिवाय मालकाला अंतिम प्लॉट वरच्या, न बुडणाऱ्या भागात मिळतो, त्यात त्याचाच फायदा. सयाजीबाग 1879 पासून नदीकाठी आहे. ती तिथे ठेवताना हेतू काय होता ते सोडा, परिणाम असा की पुरात तिथे आधी गवत बुडतं.

काँसांचं काम छोटं आणि महत्त्वाचं: नदीला मिळण्याआधीचा शेवटचा तुकडा तरी मातीचा ठेवावा, बॉक्स ड्रेनमध्ये, म्हणजे बंद काँक्रीटच्या गटारात, कोंबू नये. मगर काँसेतून वर जातेच. उतार असेल तर परतते, नाहीतर मॅनहोलमधून काढावी लागते.

लोक काय म्हणतात

"अहो, पण माणूस आधी की मगर?" कारेलीबागेतल्या एका काकूंनी मला हे विचारलं. त्यांच्या घरात चार फूट पाणी आलं होतं, तेव्हा प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की या आराखड्यातली पहिली आणि दुसरी पट्टी मगर नसती तरी राखावी लागली असती. पुराला जागा हवीच आहे. मगरीमुळे त्या जागेला कायद्याचं बळ मिळतं, इतकंच.

"सगळ्या पकडून दुसरीकडे नेऊन सोडा." हे फार वेळा ऐकू येतं. मगरींना जागेची ओढ जबर असते. ऑस्ट्रेलियात 2007 मध्ये उपग्रहाने माग काढलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरींपैकी एक चारशेहून अधिक किलोमीटर पोहून मूळ जागी परतली होती. जात वेगळी, पण धडा घेण्यासारखा आहे. आणि नेऊन सोडायचं तरी कुठे? जिथे सोडाल तिथे आधीच्या मगरी आहेत, गावं आहेत.

हल्ले होतात, विश्वामित्री-ढाढरच्या काठी माणसं दगावली आहेत, ते लपवून चालणार नाही. घाटावर कुंपण, धुण्यासाठी वेगळी सोय, मांस-माशांचा कचरा नदीत टाकण्यावर खरी बंदी हे उपाय जमिनीच्या आखणीइतकेच निकडीचे. चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, मलातज आणि देवा या गावांच्या तळ्यांवर, माणसं मगरीशेजारी वावरतात. खोडियार मातेचं वाहन म्हणून तिला मानतात. बडोद्याची सोसायटी म्हणजे मलातज नव्हे, तिथली सवय इथे आपोआप येणार नाही. पण अंतर कुठे ठेवायचं, पाण्यात कधी उतरायचं हे शिकता येतं, एवढं तिथे दिसतं.

काठाच्या पलीकडे

शहराचा पट्टा राखला आणि वरचं पाणी तोडलं तर उपयोग नाही. आजव्यापासून शहरापर्यंतच्या गावांतली तळी, गायरानं आणि बांधांवरची झाडी ही मगरींची आणि पाणपक्ष्यांची पर्यायी ठिकाणं आहेत. उन्हाळ्यात एक आटलं तर चालत दुसऱ्याकडे जाण्याइतकी ती जवळ असली पाहिजेत. मगर जमिनीवरून चालून जाते, हे विसरतो आपण. डभोईकडे वढवाणा तलाव आहे. गायकवाडीत 1910 मध्ये सिंचनासाठी बांधलेला, 2021 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेला. माणसाने केलेलं पाणी शंभर वर्षांत पक्ष्यांचं कसं होतं, त्याचा दाखला म्हणून तो पुरेसा आहे. गावाच्या मालकीच्या तळ्यांसाठी वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेली सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. जमीन लोकांचीच राहते, वापराचे नियम लोक ठरवतात. अभयारण्याच्या नावाने दचकणाऱ्या गावालाही हे चालू शकेल.

संवर्धन-नियोजनात गेली दीड दशकं एक विचार जोर धरतो आहे: नट बदलतील, रंगमंच राखा. उद्याच्या हवामानात कोणता प्राणी कुठे असेल हे नेमकं सांगता येत नाही. म्हणून आजचा प्राणी जिथे आहे तेवढाच चौकोन न राखता माती, उतार, उंची, ओलावा यांची विविधता राखायची. पावागडच्या कड्यापासून आखाताच्या खाऱ्या चिखलापर्यंत विश्वामित्री-ढाढर ही सगळी विविधता एका धाग्यात देते. खालच्या टोकाला समुद्र चढेल तसं खारं पाणी आत येईल आणि गोड्या पाण्यातल्या जिवांना वर सरकावं लागेल. वर सरकण्याच्या त्या वाटेवर मधोमध शहर आहे. म्हणून शहरातला काठ सलग राहणं हा केवळ 442 मगरींचा प्रश्न नाही.

हे सगळं अडतं ते फार साध्या ठिकाणी. पाटबंधारे, महापालिका, वुडा (बडोद्याचं नागरी विकास प्राधिकरण), वनखातं, महसूल अशा पाच टेबलांवर ही एकच जमीन पाच नावांनी पडलेली आहे, आणि एकाच नकाशावर कुठेच नाही. तो नकाशा सरकारने करायची वाट बघत बसण्याचं कारण नाही. विद्यापीठात भूगोल, स्थापत्य, प्राणिशास्त्र आहे, ड्रोन भाड्याने मिळतो. टीपीचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात "मगरी वाचवा" असा अर्ज दिला तर तो फाइलला लागतो. त्याऐवजी सर्व्हे नंबर, प्लॉटची फुटांतली उंची, 2024 ला तिथे चढलेलं पाणी, जवळचं घरटं आणि मोकळ्या जागेचा 5 टक्क्यांचा तुकडा कुठून कुठे सरकवायचा, असा नकाशासह अर्ज दिला तर नगररचना अधिकाऱ्याला त्यावर निर्णय लिहावा लागतो. नदीलगतच्या मालकांनी तो स्वतःच्या सहीने दिला तर आणखी बरं, कारण वरचा प्लॉट त्यांनाच हवा आहे.